पहिली आज्ञा कोण देतो? : प्रोसेसर जागा होतानाचा इतिहास

(१)
वसईच्या किल्ल्यात हिंडताना एकाच वास्तूत अनेक राजवटी भेटतात. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादुरशाहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांनी येथे चिरेबंदी तट, चर्चे आणि मठ उभारले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा कोट जिंकला. मराठ्यांनी तो जमीनदोस्त केला नाही, तर वापरात घेतला. पुढे इंग्रज आले. नव्या धन्याने जुन्या भिंती ठेवल्या आणि आपल्या गरजेपुरते काही त्यांत मिळवले. म्हणून आज आत जाणाऱ्याला सगळ्या शतकांतून चालत जावे लागते.

(२)
आपल्या टेबलावरचा लॅपटॉप हाही अशाच घडणीचा किल्ला आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंतच्या काही क्षणांत त्याचा प्रोसेसर १९७८, १९८२, १९८५ आणि २००३ अशा चार कालखंडांतून चालत येतो. हा धागा त्या वाटचालीचा आहे, आणि तिच्यामागच्या एका जुन्या प्रश्नाचाही : नुकत्याच जाग्या झालेल्या यंत्राला पहिली आज्ञा कोण देतो? इतिहासाने या प्रश्नाची तीन उत्तरे दिली. पहिल्याचा एक धागा मुंबईत सापडतो, तिसऱ्याचा पुण्यात.

(३)
आधी अडचण समजून घेऊ. प्रोसेसर मेमरीतील आज्ञा एकेक करून उचलतो आणि पाळतो. त्याला दुसरे काही येत नाही. वीज नसताना मुख्य मेमरी कोरी असते. तिच्यात प्रोग्रॅम आणायचा तर तो आणणारा प्रोग्रॅम आधीच तेथे हवा. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात याला बीजांकुरन्याय म्हणतात : बीजाशिवाय झाड नाही, झाडाशिवाय बीज नाही. इंग्रजीत स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणाऱ्या माणसाची कल्पना रूढ होती. संगणक 'बूट' होतो, हा शब्दप्रयोग तिच्यातून आला.

(४)
१९४९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात 'एडसॅक' हे यंत्र सुरू झाले. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने त्यासाठी केवळ ३१ आज्ञांचा एक संच लिहिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तशा फिरत्या स्विचांवर तो तारांनी कायमचा जोडलेला होता. बटण दाबले की त्या ३१ आज्ञा मेमरीत उतरत, आणि मग त्या आज्ञा कागदी पट्टीवरची छिद्रे वाचून खरा प्रोग्रॅम आत घेत. बीज मिळाले, झाड उगवले. प्रोसेसरला उभे करणाऱ्या आजच्या सर्व कोडचा हा पूर्वज.

(५)
पुढच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा एक गट संपूर्ण संगणक घडवण्याच्या कामाला लागला. १९५६ मध्ये लहान प्रायोगिक यंत्र चालले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला आले. १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. ४० बिटांचा एक, असे २,०४८ शब्द त्याच्या मेमरीत मावत. आजच्या हिशेबाने ही मेमरी बरोबर १० किलोबाइट भरते. फोनवर काढलेला एक फोटोही तीत बसणार नाही.

(६)
त्या पिढीच्या यंत्रांत ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. कागदी पट्टी लावणारा, स्विच मांडणारा, 'सुरू'चे बटण दाबणारा आणि एक काम आटोपले की दुसऱ्याची पट्टी चढवणारा माणूस हीच व्यवस्था होती. आज कर्नेल जे काम करतो त्याचा मोठा भाग त्या माणसाच्या हातात होता. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा : प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणे कोणी, केव्हा, किती वापरायची हे ठरवणारा कारभारी. आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे असे मिळते : पहिली आज्ञा माणूस देतो.

(७)
दुसरे उत्तर हळूहळू घडले. पुढच्या काळातील लहान संगणकांवर, उदाहरणार्थ अमेरिकन 'पीडीपी' यंत्रांवर, दर्शनी फळीवरचे स्विच वरखाली करून सुरुवातीच्या आज्ञा हाताने भरण्याची पद्धत होती. तेच ते रोज भरायचे, आणि एक स्विच चुकला की सारे पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा त्या आज्ञा वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये, म्हणजे 'रॉम'मध्ये, कायमच्या कोरल्या गेल्या. माणसाचे रोजचे काम यंत्राच्या अंगात मुरले. प्रोसेसरने जागे होताच ठरलेल्या पत्त्यावर जायचे आणि तेथे जे कोरले असेल ते पाळायचे.

(८)
जून १९७८ मध्ये इंटेलने ८०८६ हा प्रोसेसर आणला. त्याला पत्त्यांच्या २० तारा होत्या, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांचा, एक मेगाबाइटचा मुलूख. जागा होताच तो या मुलखाच्या शेवटापासून केवळ १६ बाइट अलीकडे पहिली आज्ञा शोधायला जाई. १६ बाइटांत प्रोग्रॅम मावत नाही. तेथे एक पाटी तेवढी लागते : 'अमुक ठिकाणी जा.' आजच्या प्रोसेसरांत हा पत्ता चार गिगाबाइटच्या टोकाकडे सरकला आहे, पण टोकापासूनचे अंतर तेच राहिले : १६ बाइट.

(९)
१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, याच घराण्यातील ८०८८ घेऊन. त्याच्या रॉममधील 'बायोस' हा प्रोग्रॅम उपकरणे तपासून डिस्कचा पहिला तुकडा उचलत असे. तो फक्त ५१२ बाइटांचा. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए या खुणा सापडल्या तरच तो बूट होण्याजोगा मानायचा, अशी रीत पडली. हा तुकडा मेमरीत ३१,७४४ व्या पत्त्यावर ठेवला जाई. सोळा-आधारी लेखनात तो पत्ता ७सी०० असा लिहितात. ३२ किलोबाइट मेमरीच्या यंत्रात शेवटचे एक किलोबाइट जेथे सुरू होते, ती ही जागा. यंत्रे लाखो पटींनी मोठी झाली, तरी जुन्या पद्धतीने बूट करताना हाच पत्ता वापरतात.

(१०)
५१२ बाइट म्हणजे किती? युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे सुमारे १७० चिन्हे. या धाग्यातला एक परिच्छेदही त्यात मावणार नाही. त्यामुळे हा तुकडा स्वतः फारसे काही करत नाही. आपल्यापेक्षा मोठ्या तुकड्याला तो बोलावतो, तो त्याहून मोठ्याला, आणि शेवटी कर्नेल मेमरीत येतो. येथवर झाली ती फक्त पोहोच. खरे अवघड काम यानंतर सुरू होते, कारण कर्नेल येऊन पोहोचला तरी प्रोसेसर अजून १९७८ मध्येच उभा असतो.

(११)
१९७८ मध्ये उभा असतो म्हणजे काय? ८०८६ वर कोणताही प्रोग्रॅम मेमरीत कोठेही लिहू शके. तट नाही, पहारा नाही. एक प्रोग्रॅम चुकला की सारे यंत्र कोसळे. १९८२ च्या ८०२८६ मध्ये इंटेलने संरक्षित अवस्था दिली आणि अधिकारांची चार वर्तुळे आखली. शून्य क्रमांकाचे वर्तुळ कर्नेलचे, तो बालेकिल्ला. सामान्य प्रोग्रॅम बाहेरच्या, तिसऱ्या वर्तुळात. मात्र जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून हा नवा प्रोसेसरही जागा होताना ८०८६ असल्यासारखाच वागे. तट बांधलेला आहे, पण आत जाऊन दरवाजा लावून घ्यायचा तो कर्नेलने.

(१२)
जुन्याला जपण्याचा मासला पाहायचा तर 'ए-२०' ची गोष्ट ऐकावी. ८०८६ वर एक मेगाबाइटच्या पलीकडचा पत्ता दिला तर तो गोल फिरून शून्यावर येई. काही प्रोग्रॅम या वळणावर विसंबून होते. ८०२८६ ला पत्त्यांच्या २४ तारा होत्या. तो गोल न फिरता सरळ पुढे जाई, आणि ते प्रोग्रॅम मोडत. तेव्हा आयबीएमने १९८४ च्या 'एटी' यंत्रात एकविसाव्या तारेवर फाटक बसवले. शून्यापासून मोजले तर ती विसावी तार, म्हणून ए-२०. फाटकाची कळ कोठे जोडायची? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचा एक पाय मोकळा होता, तेथे!

(१३)
त्यामुळे मेमरीचा पुरता वापर करण्यासाठी कर्नेलला आधी कीबोर्डच्या चिपला विनवणी करावी लागे. नंतरच्या यंत्रांत या फाटकाच्या वेगवेगळ्या कळा आल्या. लिनक्सच्या कोडमध्ये आजही ए-२० साठी एक स्वतंत्र फाइल आहे. ती एकामागून एक उपाय करून पाहते आणि फाटक खरेच उघडले का, याची दरवेळी परीक्षा घेते. इतिहासाच्या अभ्यासकाने ही फाइल एखाद्या जुन्या सनदेसारखी वाचावी. कधीकाळी कोणाला दिलेले वचन पुढच्या पिढ्या कसे निभावत राहतात, हे तिच्यात दिसते.

(१४)
ऑक्टोबर १९८५ मध्ये ८०३८६ आला. ३२ बिटांची घडण, आणि मेमरीची पानांत विभागणी करण्याची सोय. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हल्ड्स याने याच प्रोसेसरवर आपला कर्नेल लिहायला घेतला. लिनक्सची पहिली आवृत्ती त्या वर्षीच्या सप्टेंबरात आली. तिचा बराचसा भाग सी भाषेत होता, पण सुरुवातीच्या फाइली असेम्ब्लीत, प्रोसेसरच्या स्वतःच्या बोलीत. तेथे दुसरा इलाज नसतो. सी भाषेतील कोडला स्टॅक लागतो, म्हणजे चालू कामाची टिपणे रचून ठेवण्याची जागा. ती जागा कोणीतरी आधी आखून द्यावी लागते.

(१५)
आता तो क्षण क्रमाने पाहू. कर्नेल प्रथम इंटरप्ट बंद करतो. इंटरप्ट म्हणजे उपकरणांनी मारलेली हाक. ती आली की कोणाकडे जायचे हे सांगणारा तक्ता अजून तयार नसतो. अशा वेळी कीबोर्डची एखादी कळ दाबली गेली आणि हाक आत पोहोचली, तर प्रोसेसर तक्त्यात पत्ता शोधेल. तो सापडणार नाही. ती चूक निस्तरणारा पत्ताही सापडणार नाही. तिसऱ्यांदा ठेच लागताच यंत्र स्वतःला पुन्हा सुरू करते. स्वतःचा कर्नेल लिहू पाहणाऱ्या बहुतेकांनी हे चक्र अनुभवलेले असते : पडदा काळा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

(१६)
मग कर्नेल मेमरीच्या विभागांचा एक तक्ता मांडतो : कोणता विभाग कोठून कोठवर, आज्ञांचा की माहितीचा, कोणत्या वर्तुळाचा. त्या तक्त्याचा पत्ता प्रोसेसरला कळवतो. त्यानंतर एका नियंत्रक रजिस्टरातला सर्वांत खालचा बिट शून्याचा एक करतो. बदल एवढाच, एका बिटाचा. त्या क्षणी प्रोसेसर १९८२ मध्ये पाऊल टाकतो. लगेच एक लांब उडीची आज्ञा द्यावी लागते, कारण प्रोसेसरने पुढच्या काही आज्ञा जुन्या समजुतीने आधीच उचलून ठेवलेल्या असू शकतात. उडीमुळे त्या टाकल्या जातात आणि वाचन नव्या नियमाने सुरू होते.

(१७)
पुढचा टप्पा १९८५ चा : पाने. प्रोग्रॅमला दिसणारे पत्ते आणि मेमरीतील खरे पत्ते यांची सांगड घालणारी नोंदवही कर्नेल तयार करतो. एकदा ही व्यवस्था चालू केली की प्रत्येक पत्ता नोंदवहीतून जातो, अगदी पुढच्या आज्ञेचाही. जेथे आपण उभे आहोत ती जागाच नोंदवहीत नसेल तर पायाखालची जमीन नाहीशी होते. म्हणून संक्रमणापुरती एक सोय करतात. त्या लहानशा भागाचा दिसणारा पत्ता आणि खरा पत्ता एकच ठेवतात. होडीतून धक्क्यावर उतरताना एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर असतो, तसेच हे. दुसरा पाय टेकला की होडी सोडून देतात.

(१८)
शेवटची पायरी २००३ ची. त्या वर्षी एप्रिलमध्ये एएमडी कंपनीने ऑप्टेरॉन हा ६४ बिटांचा प्रोसेसर आणला. जुन्या घराण्याचा विस्तार करणारी ही रचना इंटेलनेही पुढे स्वीकारली. या अवस्थेत शिरायचे तर पानांची व्यवस्था सक्तीची आहे. ही चढण झाली की कर्नेल आपला स्टॅक लावतो, कोऱ्या जागा शून्याने भरतो आणि सी भाषेतील 'स्टार्ट कर्नेल' या कार्याला हाक देतो. आजच्या यूईएफआय यंत्रांत यातला बराच भाग फर्मवेअर, म्हणजे बायोसचा वारस, आधीच उरकून ठेवतो. काम दुसऱ्याने केले, तरी पायऱ्या त्याच राहतात.

(१९)
आणि हे एकदाच होत नाही. प्रोसेसरमध्ये आता अनेक कोअर असतात. वीज आल्यावर त्यांतला एकच पुढारी ठरतो, बाकीचे निमूट थांबतात. पुढारी कर्नेल चालू करतो आणि मग एकेकाला उठण्याचा निरोप पाठवतो. त्या निरोपात एक पत्ता असतो, आणि तो पहिल्या मेगाबाइटच्या आतलाच असावा लागतो. कारण उठवलेला प्रत्येक कोअर पुन्हा १९७८ मध्येच डोळे उघडतो. आठ कोअर असतील तर आठांनीही सारा इतिहास आपापला चालून यायचा. एक प्रोसेसर दुसऱ्याला उठवतो, ही कल्पना मात्र लक्षात ठेवा. आपल्याला आता पुण्याला जायचे आहे.

(२०)
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेने मागितल्यापेक्षा कमी क्षमतेचे क्रे कंपनीचे यंत्र दिले, तेही वापरावर अटी घालून. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक', म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख होते. अवाढव्य असा एकच प्रोसेसर घडवण्याची वाट त्यांनी धरली नाही. लहान प्रोसेसर पुष्कळ संख्येने जोडावेत आणि त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यावे, असे ठरले.

(२१)
त्यासाठी निवडलेला प्रोसेसर होता ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. १९८७ च्या टी-८०० या चिपमध्ये गणिती भाग, चार किलोबाइट मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे एकत्र होते. प्रत्येक दुवा सेकंदाला २ कोटी बिट पाठवू शके. चार दुवे चार शेजाऱ्यांना जोडले की जाळे तयार. इतर प्रोसेसर एकेकट्याने चालावेत अशा हिशेबाने घडले होते. ट्रान्सप्युटरच्या घडणीतच शेजार गृहीत धरलेला होता.

(२२)
त्याच्या जागे होण्यातही हे दिसते. चिपच्या एका पायावरून ठरे की रॉममधून सुरू व्हायचे की दुव्यावरून. जाळ्यांत दुसरी पद्धत रूढ होती. दुव्यावरून सुरू होणारा ट्रान्सप्युटर वीज आल्यावर काहीच करत नसे. चारांपैकी कोणत्याही दुव्यावरून पहिला बाइट येण्याची तो वाट पाही. तो बाइट शून्य असेल तर अर्थ : 'अमुक जागी अमुक लिही.' एक असेल तर : 'अमुक जागचे वाचून सांग.' दोन किंवा अधिक असेल तर : 'एवढ्या बाइटांचा प्रोग्रॅम येतो आहे, तो घे आणि चालव.' एका बाइटात २५५ च्या पुढची संख्या मावत नाही, म्हणून हा पहिला प्रोग्रॅम २५५ बाइटांपेक्षा मोठा नसे.

(२३)
यातून एक सुंदर तंत्र निघाले. ते लिहिणारे त्याला 'वर्म', म्हणजे कृमी, म्हणत. यजमान संगणक पहिल्या ट्रान्सप्युटरला एक छोटा प्रोग्रॅम देई. तो जागा होऊन आपले उरलेले दुवे चाचपून पाही : पलीकडे कोणी आहे का, आधीच जागे आहे का? झोपलेला शेजारी सापडला की त्याला तोच प्रोग्रॅम देई. तो आपल्या शेजाऱ्याला. असे करत सारे जाळे उठे आणि जाळ्याचा नकाशाही हाती येई. एका पणतीवरून दुसरी पणती लावावी तसे. आपल्या प्रश्नाचे तिसरे उत्तर हे : पहिली आज्ञा शेजारी देतो.

(२४)
अशा ट्रान्सप्युटरांच्या जाळ्यावर घडलेला 'परम ८०००' १९९१ मध्ये तयार झाला. पहिल्या यंत्रात ६४ प्रोसेसर होते, आणि रचना २५६ पर्यंत वाढवता येई. त्याच वर्षी हेलसिंकीत लिनक्स जन्मले. एकीकडे एका विद्यार्थ्याच्या घरातला एकच ८०३८६, दुसरीकडे पुण्यातले चौसष्टांचे जाळे. दोन्हीकडे काम करणाऱ्यांना प्रोसेसरच्या अगदी तळाशी, जेथे अजून काहीच उभे नाही तेथे, हात घालावा लागला. महासंगणकाची बातमी वेगाच्या आकड्यांनी होते. त्याआधी चौसष्ट मुक्या चिपांना जागे करावे लागते, हे बातमीत येत नाही.

(२५)
पुढची गोष्ट तितकी गोड नाही. इनमॉस १९८९ मध्येच एसजीएस-थॉमसनच्या हाती गेली होती. पुढचा टी-९००० रखडला आणि ट्रान्सप्युटरचे घराणे खुंटले. 'परम'ला नवे घर शोधावे लागले : ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६०, ९००० मध्ये सन कंपनीच्या स्पार्क घराण्याचे प्रोसेसर, १९९८ च्या परम १०००० मध्येही तेच घराणे, आणि २००३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर-४. यंत्रे जोडणारे 'परमनेट' हे जाळे सी-डॅकने स्वतः घडवले. पण तयार संगणक घेतले की त्यांना जागे करणारा तळमजला विक्रेत्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येतो. चढणाऱ्या मजल्यांवर आपले नाव लागले, पायथा दुसऱ्याचा राहिला.

(२६)
त्याने काय बिघडते? २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवले की २०१५ नंतरच्या इंटेलच्या यंत्रांत मुख्य प्रोसेसरच्या जोडीला एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. मुख्य प्रोसेसर पहिली आज्ञा उचलण्याआधीच तो कामाला लागलेला असतो. मिनिक्सचे जनक अँड्र्यू टॅननबॉम यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहून सांगितले की आपली सिस्टिम जगात एवढी पसरल्याचे त्यांना वर्तमानपत्रांतून कळले. म्हणजे आपण ज्याला पहिला दरवाजा समजत होतो त्याच्या आधीही एक दरवाजा आहे, आणि त्याची किल्ली यंत्र विकत घेणाऱ्याकडे नाही.

(२७)
विश्वासाचे गणित असे की वरचा प्रत्येक मजला खालच्यावर विसंबतो. कर्नेल प्रोग्रॅमांवर पहारा ठेवतो, पण कर्नेलला मेमरीत आणणारा बदमाश निघाला तर पहारेकरीच बदललेला असतो. म्हणून आता प्रत्येक टप्प्यावर पुढच्याची डिजिटल सही तपासण्याची पद्धत आहे. तिला सिक्युअर बूट म्हणतात. सही पडताळायला किल्ली लागते. बाजारातील बहुतेक पीसींमध्ये ती मायक्रोसॉफ्टची असते. अनेक लिनक्स वितरणांनाही आपला पहिला तुकडा तेथून सही करून आणावा लागतो. किल्ल्याच्या बंदोबस्तात दरवाजाइतकाच किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत याला अर्थ असतो.

(२८)
जुने पाडता येईल का? मे २०२३ मध्ये इंटेलने तसा प्रस्ताव मांडला : प्रोसेसरने थेट ६४ बिटांतच जागे व्हावे, १९७८ पासूनच्या पायऱ्या काढून टाकाव्यात. डिसेंबर २०२४ मध्ये तो मागे पडला. दुसरी वाट नवा किल्ला बांधण्याची. २०१० मध्ये बर्कली येथे सुरू झालेली आरआयएससी-व्ही ही आज्ञासंचाची रचना सर्वांना खुली आहे. तिच्यावरचे लिनक्स सुरू होते तेव्हा एका रजिस्टरात त्या कोअरचा क्रमांक असतो आणि दुसऱ्यात यंत्राच्या वर्णनाचा पत्ता. ए-२० चे फाटक तेथे नाही, १९७८ ही नाही.

(२९)
या वाटेवर भारतीय पावले पडली आहेत. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रकल्पातील प्रोसेसरवर २०१८ मध्ये लिनक्स सुरू झाले. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा' ही प्रोसेसरमाला घडवली. ती चिप जागी होताना पहिली आज्ञा काय असावी हे येथे ठरले. अभिमानाला एक मर्यादाही आहे : शक्तीची ती चिप अमेरिकेत, इंटेलच्या कारखान्यात घडली होती. आराखडा आपला, भट्टी परकी. टिफ्रॅकच्या काळी नळ्या जोडण्यापासून सारे मुंबईत झाले होते. तेव्हापासूनचा हा प्रवास सरळ चढणीचा नाही.

(३०)
इतिहासाची आवड असणाऱ्यांना यात एक दुर्मीळ सोय आहे. वसईच्या मोहिमेसाठी आपण पत्रे, बखरी आणि पोर्तुगीज दप्तरे धुंडाळतो. अनेक कागद हरवलेले असतात. लिनक्सच्या तळाचे कोड मात्र पहिल्या आवृत्तीपासून सर्वांसमोर खुले आहे. कोणती ओळ केव्हा आणि कोणी बदलली याचीही २००५ पासूनची सलग नोंद आहे. 'आर्च' या फोल्डरातील 'एक्स८६' उघडा. 'हेड' या नावाच्या फाइलींपासून सुरुवात करा. असेम्ब्ली येत नसली तरी शेजारच्या टिपा वाचता येतात. क्यूईएमयू या मोफत प्रोग्रॅमने आपल्याच संगणकात खोटा संगणक उभा करून ५१२ बाइटांचा स्वतःचा पहिला तुकडाही चालवून पाहता येतो.

(३१)
माणूस, रॉम, शेजारी : पहिली आज्ञा देणारे बदलत गेले. बीजांकुराचा पेच मात्र कोणी सोडवला नाही. दरवेळी कोणीतरी बाहेरून बीज आणून पेरले, आणि ज्याने ते पेरले त्याच्या मर्जीचे झाड उगवले. म्हणून एखाद्या यंत्राबद्दल ते किती वेगवान आहे हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : ते जागे होते तेव्हा पहिला शब्द कोणाचा असतो?